इंग्लंडच्या थंडीत खिडकीला पाणी सुटतं तेव्हा

नोव्हेंबर लागला की लीड्समध्ये नव्याने आलेल्या मराठी घरांतून मला एकाच प्रकारचे फोटो येतात. बेडरूमची खिडकी आतून डबडबलेली, खालच्या चौकटीत पाणी साठलेलं, कोपऱ्यातल्या सिलिकॉनवर काळे ठिपके. खाली प्रश्न: "काकू, खिडकी गळतेय का? घरमालकाला सांगू?"

घरमालकाला काय सांगायचं ते पुढे येईलच. आधी एवढं लक्षात घ्या की बहुतेक वेळा ते पाणी घरातलंच असतं. आपल्या श्वासातलं, कुकरच्या वाफेतलं, खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर टाकलेल्या ओल्या जीन्समधलं. फ्रीजमधून काढलेल्या ताकाच्या तांब्याला बाहेरून जे थेंब येतात, तेच इथे काचेला येतात.

मी मूळची रत्नागिरीची, त्यामुळे ओल मला नवी नाही. पण तिथल्या ओलीचं औषध इथल्या ओलीवर चालत नाही, उलट बाधतं. आणि आपली माणसं इथे येऊन नेमकं तिथलं औषध करतात: बाहेर पाऊस दिसला की खिडक्या गच्च बंद. वर गारठा असतोच, मग फटींनाही टेप.

थोडा हिशोब

हवेत किती वाफ मावते हे तिच्या तापमानावर ठरतं. २० अंश सेल्सिअसच्या एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त साधारण १७ ग्रॅम पाणी वाफ होऊन राहू शकतं. ५ अंशांच्या हवेत जेमतेम ७ ग्रॅम. म्हणजे जानेवारीत बाहेर धुकं असो की झिमझिम पाऊस, ती हवा आत घेऊन २० अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे मावेल त्या वाफेपैकी हवेत किती टक्के आहे तो आकडा, ४० टक्क्यांच्या खाली जाते. बाहेर ओली वाटणारी हवा आत आल्यावर कोरडी ठरते. हे एकदा पटलं की बाकीचं सोपं आहे, पण लोकांना पटत नाही. "काकू, बाहेर पाऊस पडतोय आणि तुम्ही खिडकी उघड म्हणताय?" हो, म्हणतेय.

आता आतली बाजू. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद अशी बेडरूम धरा. तिची सगळी हवा मिळून २० अंशांना फार तर अर्धा लिटर पाणी पेलू शकते. त्या खोलीत रात्रभर झोपलेली दोन माणसं श्वासातून आणि घामातून तेवढं पाणी सहज सोडतात. वॉशिंग मशीनमधून काढलेल्या एका खेपेच्या कपड्यांत दोन लिटरच्या आसपास पाणी असतं. चौघांचं घर स्वयंपाक, आंघोळी, कपडे धरून दिवसाला दहा लिटरच्या घरात वाफ करतं. ती बाहेर गेली नाही तर खोलीतल्या सगळ्यात थंड जागी जाऊन पाणी होणार, आणि सगळ्यात थंड जागा म्हणजे काच.

काच किती थंड असते? बाहेर शून्य आणि आत २० अंश असेल तर जुन्या एकेरी काचेचा आतला पृष्ठभाग ५ अंशांच्या आसपास येतो. जुन्या डबल ग्लेझिंगचा, म्हणजे मधे पोकळी ठेवून बसवलेल्या दुहेरी काचेचा, १२-१३, नव्या चांगल्या काचेचा १६-१७. दुसरीकडे, २० अंशांच्या खोलीत आर्द्रता ५० टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला वाफेचं पाणी व्हायला लागतं तो, ९ अंशांवर असतो, ६० टक्क्यांना १२ वर आणि ७० टक्क्यांना १४ च्या वर. हे आकडे शेजारी ठेवून बघा. जुनं डबल ग्लेझिंग असेल तर ६० टक्के ही तुमची लक्ष्मणरेषा. एकेरी काच असेल तर कडाक्याच्या थंडीत थोडं पाणी येणारच, ते पुसायचं आणि मनाला लावून घ्यायचं नाही.

म्हणून पहिली खरेदी हायग्रोमीटरची, म्हणजे हवेतली आर्द्रता दाखवणाऱ्या छोट्या यंत्राची. दहा पौंडांच्या आत मिळतो. बेडरूममध्ये ठेवा, पण रेडिएटरवर किंवा खिडकीच्या कट्ट्यावर नको, खोलीच्या मध्यावर कुठेतरी. हिवाळ्यात ४० ते ६० टक्के ठीक. सतत ६५ च्या वर दिसत असेल तर काम करायला हवं. पापड डब्याबाहेर ठेवून तासाभरात सादळला तरी तेच कळतं म्हणा, पण त्याला आकडा दाखवता येत नाही.

सकाळचं काम

उठल्यावर आधी काच पुसा. वायपरने वरून खाली ओढा, चौकटीत जमलेलं पाणी फडक्याने टिपा आणि ते फडकं सिंकमध्ये पिळा. पुष्कळ जण इथपर्यंत सगळं नीट करतात आणि मग फडकं रेडिएटरवर वाळत घालतात! म्हणजे काचेवरून काढलेलं पाणी पुन्हा हवेत. हातात धरायचा खिडकीचा व्हॅक्यूम मिळतो, तो पाणी टाकीत ओढून घेतो. खिडक्या जास्त असतील तर घ्या.

मग खिडकी सताड उघडा. पाच ते दहा मिनिटं, शक्य असेल तर समोरासमोरच्या दोन खिडक्या, म्हणजे हवा आरपार जाते. लीड्समधल्या हेअरहिल्ससारख्या भागातल्या बॅक-टू-बॅक घरांना मागची भिंत शेजाऱ्याची असते, तिथे आरपार होत नाही. मग तळमजल्याची आणि वरच्या मजल्याची खिडकी एकदम उघडा आणि मधली दारं उघडी ठेवा, गरम हवा वरून निघून जाते.

"पण सगळी उष्णता गेली ना!" हा आक्षेप प्रत्येक घरात येतो. त्या चार बाय तीनच्या खोलीची सगळी हवा बदलून ५ अंशांवरून २० वर आणायला साधारण ०.१५ युनिट उष्णता लागते. गॅसच्या दराने ती एखाद्या पेनीची होते. उष्णता खरी साठलेली असते भिंतींत, पलंगात, कपाटात, आणि त्या दहा मिनिटांत गार होत नाहीत. याउलट दिवसभर खिडकी बोटभर किलकिली ठेवून खाली हीटिंग चालू, हा प्रकार महागात पडतो आणि खिडकीभोवतीची भिंत थंड पाडतो ते वेगळंच.

एका हवाबदलात दीडेकशे ग्रॅम पाणी बाहेर जातं. गादी, पडदे, प्लास्टर यांनी महिनाभर पाणी पिऊन ठेवलेलं असतं, ते हळूहळू सुटत राहतं. त्यामुळे पहिल्या दिवशी आकडा खाली आला आणि तासाभरात परत चढला तर निराश होऊ नका. आठवडा-दोन आठवडे चिकाटीने करा.

खिडकीच्या वरच्या चौकटीत सरकवायची बारीक झडप दिसते ना, ती ट्रिकल व्हेंट. ती उघडी ठेवायची असते. वारा येतो म्हणून मागच्या भाडेकरूने त्यात कागदाचे बोळे कोंबले असतील तर काढा. तसंच बाहेरच्या भिंतीत जमिनीलगत जाळीदार विटा असतात, त्या लाकडी जमिनीखाली हवा खेळावी म्हणून आहेत. त्यांच्यासमोर माती, कुंड्या, जुनी गादी असलं काही रचू नका.

स्वयंपाकघर

आपला स्वयंपाक वाफेचा. सकाळी वरणभाताचा कुकर, मग चहा, संध्याकाळी इडली नाहीतर मोदक. त्याची लाज नको आणि तो सोडायची गरज नाही. फक्त वाफेला बाहेरची वाट द्या.

शेगडीवरच्या हुडचं धुराडं खरंच बाहेर जातं का ते आधी बघा. भाड्याच्या फ्लॅटमध्ये पुष्कळ हुड हवा कोळशाच्या फिल्टरमधून गाळून परत खोलीतच सोडतात. त्यांनी फोडणीचा वास थोडा कमी होतो, पाणी एक थेंबही बाहेर जात नाही. हुडच्या वरच्या कपाटात डोकावून पाइप भिंतीतून बाहेर गेलाय का बघा. पंखा भिंतीत असेल तर टिश्यू पेपरचा तुकडा जाळीला लावा. चिकटून राहिला तर पंखा ओढतोय, पडला तर जाळीवरचा मेणचट थर साफ करा, मग पुन्हा बघा. इंग्लंडच्या इमारत नियमांप्रमाणे नव्या बसवलेल्या पंख्याने शेगडीवरून सेकंदाला ३० लिटर, स्वयंपाकघरात दुसरीकडे असेल तर ६० लिटर आणि बाथरूममधून १५ लिटर हवा ओढायला हवी.

कुकर लावायच्या आधी पंखा सुरू करा, शिट्ट्या झाल्यावर नाही. स्वयंपाकघराचं दार बंद ठेवा, खिडकी थोडी उघडा, आणि जेवणं होईपर्यंत पंखा राहू द्या. भांड्यावर झाकण ठेवा. आणखी एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते: गॅस जळतानाच पाणी तयार होतं. एक किलो एलपीजी जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत येतं. म्हणूनच थंडी वाजते म्हणून पाइप नसलेला सुटा गॅस हीटर किंवा रॉकेलचा हीटर लावू नये. खोली गरम होते आणि ओलीही. शिवाय कार्बन मोनॉक्साइडचा धोका.

बाथरूमचं थोडक्यात: बादलीने आंघोळ करा की शॉवरने, दार लावून करा, पंखा चालू, आणि आंघोळ झाल्यावरही वीसेक मिनिटं चालू राहू द्या. दार लगेच उघडलं तर वाफ थेट बेडरूमच्या काचेवर. फरशीवरचं पाणी वायपरने ओढून काढा.

कपडे, हा खरा गुन्हेगार

मला विचाराल तर निम्म्या घरांची ओल फक्त कपड्यांनी येते. इथे वाळत घालायला गॅलरी नसते, म्हणून प्रत्येक रेडिएटरवर, दारावर, खुर्चीवर कपडे. रेडिएटर त्यांच्यातलं पाणी हवेत ढकलतो, शिवाय झाकला गेल्यामुळे खोली नीट तापत नाही. दोन्हीकडून तोटा.

मशीनमध्ये शेवटचं पिळणं मिनिटाला १४०० फेऱ्यांवर ठेवा, मशीनला आणि कापडाला झेपत असेल तर दोनदा पिळा. मग एकच लहान खोली ठरवा, स्टँड तिथे उभा करा, दार बंद करा आणि शेजारी डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून टाकीत साठवणारं यंत्र, लावा. तो नसेल तर त्या खोलीची खिडकी उघडी आणि दार बंद. पाइपवाला टम्बल ड्रायर (गरम हवेने कपडे वाळवणारं मशीन) असेल तर पाइप बाहेर सोडलेला असू द्या. मी तो स्टुलामागे खोलीतच सोडलेला पाहिलाय.

डिह्युमिडिफायर घेताना दोन जाती लक्षात ठेवा. कॉम्प्रेसरवाला वीज कमी खातो, पण खोली १५ अंशांच्या खाली गेली की सुस्तावतो. डेसिकंटवाला, म्हणजे ओल शोषणारा पदार्थ वापरणारा, थंड खोलीतही नेटाने काम करतो, वीज जास्त घेतो, आणि त्याची थोडी उष्णता खोलीत येते. हीटिंग रोज चालणाऱ्या घराला पहिला, थंड लॉफ्ट (छपराखालचा माळा) किंवा गॅरेजला दुसरा. खोक्यावर '१२ लिटर' लिहिलेलं असतं ते सहसा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेलं. लीड्सच्या १८ अंशांच्या खोलीत त्याच्या बऱ्याच खालचा आकडा मिळेल, फसवलं म्हणून परत करू नका. ५५ टक्क्यांवर लावून ठेवा. एक लिटर वाफेचं पाणी होताना सुमारे ०.७ युनिट उष्णताही खोलीत परत मिळते, त्यामुळे त्याचं वीजबिल दिसतं तितकं वाया जात नाही. टाकीतलं पाणी संडासात ओता; पिऊ नका.

दुकानात मिळणाऱ्या क्षाराच्या पांढऱ्या डब्या बंद कपाटापुरत्या ठीक. महिनाभरात कपभर पाणी ओढणारी डबी दोन लिटरच्या कपड्यांपुढे काय करणार?

कपाट आणि भिंत

लीड्सची जुनी लाल विटांची घरं एकसंध भिंतीची, दोन विटांच्या थरांमध्ये पोकळी नसलेली. बाहेरच्या बाजूची भिंत आतून चांगलीच थंड. तिला चिकटून कपाट ठेवलं की मागे हवा फिरत नाही, भिंतीलगतची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते आणि बुरशीला तेवढंच हवं असतं. कपाट आतल्या भिंतीला हलवा. जागाच नसेल तर निदान पाच सेंटीमीटर अंतर सोडा. पैठण्या आणि रेशमी साड्या प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून त्या कपाटात ठेवू नका. मलमलच्या कापडात गुंडाळा आणि एखाद्या कोरड्या दिवशी घडी मोडून ठेवा. कडुनिंबाचा पाला आणि कापूर किड्यांसाठी. ओल त्यांना दाद देत नाही.

न वापरली जाणारी खोली पूर्ण बंद ठेवून पैसे वाचत नाहीत. घरातली वाफ तिथे जाते आणि तिथल्या थंड भिंतीवर बसते. रेडिएटर मंद ठेवा, खोली १५-१६ अंशांच्या खाली जाऊ देऊ नका.

काळे ठिपके आलेच असतील तर कोरड्या ब्रशने घासू नका, बीजाणू खोलीभर उडतात. हातमोजे, मास्क, खिडकी उघडी. बुरशीनाशक फवारा किंवा पातळ केलेलं ब्लीच लावा, बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ थांबा, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा दुसरं कुठलंही क्लीनर मिसळू नका, विषारी वायू होतो. घरात दमा असलेलं कुणी किंवा तान्हं बाळ असेल तर त्यांना त्या वेळी दुसऱ्या खोलीत ठेवा. भिंत पूर्ण वाळल्याशिवाय वरून रंग मारला तर महिन्याभरात बुरशी तोच रंग फोडून वर येते.

घरमालकाला कधी सांगायचं

सगळीच ओल तुमच्या कुकरची नसते. भिंतीवर बाहेरून पाणी येतंय का हे बघायला ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा डागावर चारही कडांनी टेपने घट्ट लावा, एक-दोन दिवस ठेवा. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला पाणी आलं तर ती वाफ. भिंतीकडच्या बाजूला आलं तर पाणी भिंतीतून येतंय. जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत ओलीची लाट आणि पांढरे क्षार दिसले, किंवा पाऊस पडला की डाग गडद झाला, तर गटर, छपराची कौलं, विटांमधला चुना हे बघायला हवं. ते काम मालकाचं. डबल ग्लेझिंगच्या दोन काचांच्या मधोमध धुकं असेल तर त्याचं सील गेलंय, पुसून जाणार नाही, काच बदलावी लागते. शरद ऋतूतल्या सकाळी काचेच्या बाहेरून दव दिसलं तर मात्र खूश व्हा: काच चांगली आहे, घरातली उष्णता बाहेर जात नाही.

तक्रार लेखी करा. ईमेल, तारखेसह फोटो, आणि हायग्रोमीटरचे रोजचे आकडे. आकडे असले की "तुमच्या स्वयंपाकामुळे होतंय" हे उत्तर टिकत नाही. पेनाइन टेकड्यांपलीकडच्या रॉचडेलमध्ये डिसेंबर २०२० मध्ये आवाब इशाक हे दोन वर्षांचं मूल घरातल्या बुरशीमुळे गेलं; नोव्हेंबर २०२२ मध्ये कोरोनरने, म्हणजे मृत्यूचं कारण तपासणाऱ्या अधिकाऱ्याने, तसा निष्कर्ष दिला. त्याच्या कुटुंबाच्या तक्रारींनाही राहणीमानाचं कारण देण्यात आलं होतं. त्याच्या नावाचा कायदा २०२३ साली झाला आणि ऑक्टोबर २०२५ पासून सामाजिक गृहनिर्माणातल्या, म्हणजे कौन्सिल किंवा गृहनिर्माण संस्थांनी भाड्याने दिलेल्या, घरांना लागू झाला: गंभीर ओल आणि बुरशीची तक्रार आली की घरमालक संस्थेला १० कामकाजी दिवसांत तपासणी करावी लागते, तातडीचा धोका असेल तर २४ तासांत हालचाल. खासगी भाड्याच्या घरासाठी इंग्लंडमध्ये २०१८ चा राहण्यायोग्य घराचा कायदा आहे, आणि मालक ऐकत नसेल तर कौन्सिलच्या पर्यावरण आरोग्य विभागाकडे जाता येतं. भीड बाळगू नका. आणि पंखा बंद ठेवून तक्रारही करू नका.

रत्नागिरीला फोनवर सांगते ते

हे सगळं ऐकून वहिनी म्हणाली, "मग आम्ही पण जुलैत खिडक्या उघडतो." तिला मी थांबवलं. जुलैत रत्नागिरीत बाहेर २७-२८ अंश आणि ८५-९० टक्के आर्द्रता. घनमीटरभर हवेत २३ ग्रॅमच्या आसपास पाणी. एसीने २५ अंशांना ५५ टक्क्यांवर आणलेल्या खोलीत ते जेमतेम १३ ग्रॅम. तिथे खिडकी उघडली की पाणी आत येतं. तळमजल्याची गार लादी घामेजते ती याचमुळे. त्यामुळे एसी चालू असताना दारं-खिडक्या बंद, ड्राय मोड, आणि तापमान २५-२६. अठरावर ठेवलं तर काचेला बाहेरून पाणी सुटतं आणि शेजारच्या खोलीच्या बाजूने भिंत इतकी गार होते की बुरशी तिकडे धरते. एसी नसेल तर पंखा चालू ठेवून हवा हलती ठेवा, लादी ओल्या फडक्याने पुसू नका, आणि उघडीप मिळाली, ऊन पडलं, की त्या दोन-तीन तासांत कपाटं उघडून टाका. गाद्या तेव्हाच बाहेर काढायच्या.